एकोणीस वर्षांची नोकरी, नव्वद दिवसांचा भत्ता

२०२० चा रमजान आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. मशिदींना कुलूप, तरावीह घरातल्या घरात, ईदला नवे कपडे नाहीत. भिवंडीत आमचे मामू आणि खालू एकाच चाळीत राहतात, मामू वरच्या मजल्यावर आणि खालू खाली. इफ्तारच्या वेळी मामू जिना उतरून यायचे आणि दोघं एकाच दस्तरखानावर बसायचे. एरवी असं कधी जमत नसे, कारण खालूंची पाळी बारा तासांची आणि मामूंची दर आठवड्याला बदलणारी. त्या महिन्यात मात्र दोघांनाही वेळच वेळ होता. दोघांचंही काम मार्चच्या शेवटापासून बंद होतं.

मामू प्लास्टिकच्या बाटल्या आणि झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं मशीन चालवत होते. खालू सत्तावीस वर्षं यंत्रमागावर. आमच्याकडे मागाच्या शेडलाही कारखानाच म्हणतात, मालकाला सेठ आणि हिशेब ठेवणाऱ्याला मेहता.

जूनमध्ये शटरं अर्धी वर गेली. मामूंना फोन आला की ऑर्डर नाहीत, निम्म्याच मशीन चालणार आहेत, बोलावल्याशिवाय येऊ नका. खालूंना तर फोनही आला नाही. ते स्वतःच चालत जाऊन पाहून आले. शेडला कुलूप होतं, आत मागावर अर्धा विणलेला ताका तसाच होता, आणि सेठ फोन उचलत नव्हते.

पुढच्या काही महिन्यांत या दोघांचं जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. घरात शाळेत शिकवणारी एक भाची असली की ती सगळ्या नात्यागोत्याची कारकून होते, तशी मी आहे. फॉर्म भरणं, झेरॉक्स काढणं, अर्ज लिहिणं माझ्याकडे. त्या वर्षाच्या शेवटी मामूंच्या खात्यात तीन महिन्यांचा निम्मा पगार जमा झाला. खालूंच्या खात्यात एक रुपयाही आला नाही. आपल्या बहुतेक घरांत असा एखादा मामू आणि एखादा खालू असतोच, म्हणून हा हिशेब इथे मांडते आहे.

पगारातून कापलेले एकशेवीस रुपये

मामूंचा पगार सोळा हजार होता. दर महिन्याला त्यातून १२० रुपये कापले जायचे आणि मालकाला स्वतःच्या खिशातून ५२० रुपये भरावे लागायचे. ही कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयसीची वर्गणी. २०१९ च्या जुलैपासून तिचा दर कामगारासाठी पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकासाठी सव्वातीन टक्के आहे. त्याआधी दोघांनाही जास्त भरावं लागत असे. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो.

कायदा १९४८ चा. आपल्या लोकांना तो माहीत आहे तो दवाखान्यासाठी. मुमानींचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन याच कार्डावर झालं होतं. पण नोकरी गेली तर याच वर्गणीतून पैसे मिळतात, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मामूंनाही नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

ही योजना जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सुरुवातीला ती फारच हात आखडून केलेली होती: सरासरी कमाईच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त नव्वद दिवस, तेही आयुष्यात एकदाच. त्यातही नोकरी सुटल्यावर तीन महिने थांबायचं आणि अर्ज जुन्या मालकामार्फत पाठवायचा. ज्याने कालच घरी पाठवलं त्याच्याच सहीसाठी त्याच्याच दारात उभं राहायचं, असा तो प्रकार.

२०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आधीच्या वर्षाच्या मानाने जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरलं. पुढच्या तिमाहीतही घसरण चालूच राहिली. सलग दोन तिमाही घसरण झाली की तिला मंदी म्हणतात. २० ऑगस्ट २०२० रोजी महामंडळाच्या बैठकीत अटी सैल करण्याचा निर्णय झाला. पंचवीस टक्क्यांचे पन्नास झाले. नव्वदऐवजी तीस दिवसांनंतर दावा करता येऊ लागला. अर्ज थेट शाखा कार्यालयात द्यायचा, मालकाची सही नको, पैसे सरळ बँकेत. वाढीव दर २४ मार्च २०२० पासून नोकरी गेलेल्यांना लागू झाला. सुरुवातीला प्रतिज्ञापत्र लागायचं, नोव्हेंबरमध्ये तीही अट काढली. योजनेची मुदत पुढे अनेकदा वाढवत नेली, म्हणून आज अर्ज करणाऱ्याने चालू मुदत शाखा कार्यालयात विचारून घ्यावी.

पात्रतेसाठी नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखाली काम झालेलं असावं लागतं. शेवटच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी एकात तितकीच. गैरवर्तनासाठी काढून टाकलेल्याला, वयोमानाने निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला भत्ता नाही.

मामू या सगळ्या अटींत बसत होते. अडलं ते नावावर. आधार कार्डावर मोहम्मद पूर्ण लिहिलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कारकुनाने विम्याच्या नोंदीत फक्त ‘एम. डी.’ लिहून ठेवलेलं. बँकेच्या पासबुकात ‘मोहमद’, आणि पुढे शेखचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. आपल्या घरांत हे इतकं सर्रास आहे की आपण त्यावर हसतो. पण संगणक हसत नाही. दावा भरताना नाव जुळेना. ते दुरुस्त करण्यात पाच आठवडे गेले आणि रिक्षाभाड्यात किती गेले ते मुमानींनाच ठाऊक. वाचकांपैकी ज्यांच्या घरात पगारदार माणूस असेल त्यांनी एवढं एक काम आजच करावं: आधार, बँक, पीएफ आणि विमा, चारही ठिकाणचं नाव आणि जन्मतारीख समोरासमोर ठेवून पाहावी. नोकरी चालू असताना मालकाकडून दुरुस्ती करून घेणं सोपं असतं. सुटल्यावर तो फोन उचलत नाही.

डिसेंबरात पैसे आले, जवळपास चोवीस हजार. त्यातून दोन महिन्यांचं थकलेलं भाडं आणि किराणावाल्याची उधारी फिटली, आणि मुलीची कॉलेजची फी भरली. मामूंनी पासबुक दोनदा पाहिलं आणि विचारलं, “आता पुढचे कधी?” पुढचे नव्हते. आयुष्यात एकदाच, नव्वद दिवस.

त्यांच्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला येणाऱ्या, जेमतेम अडीच वर्षं नोकरी झालेल्या पोरालाही नव्वदच दिवस मिळाले. त्याच्याबद्दल मामूंना असूया नव्हती, त्याचा फॉर्मही त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला. पण एका संध्याकाळी ते म्हणाले, “बेटी, एकोणीस वर्षं पैसे कापले. त्याचं काहीच वजन नाही का?” तो पोरगा तेवीस वर्षांचा. मार्च उलटायच्या आत एका गोदामात पार्सल उचलायच्या कामाला लागलाही. मामू एक्कावन्न वर्षांचे. गोदामवाल्यांनी त्यांचं वय ऐकूनच मान हलवली.

कॅनडाने मोजलेली वर्षं

मामूंचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. लांब नोकरी केलेल्या माणसाला मंदीत जास्त दिवस भत्ता देणारा कोणी देश आहे का, हे मी शोधू लागले. असे काही देश आहेत. त्यातलं एक उदाहरण आपल्या चर्चेला फार जवळचं आहे, ते कॅनडाचं.

कॅनडात १९३० च्या दशकातल्या महामंदीत बेकार तरुणांना सरकारी छावण्यांत ठेवून दिवसाला वीस सेंट देत. १९३५ साली केलेला बेकारी विम्याचा कायदा न्यायालयात टिकला नाही, म्हणून १९४० साली राज्यघटनेत दुरुस्ती करून नवा कायदा आणला. तेव्हापासून विम्याखाली येणाऱ्या कामगाराच्या पगारातून वर्गणी जाते आणि त्याच्या नावावर तिची नोंद राहते.

२००८ च्या शेवटी जगभर मंदी आली. कॅनडात सगळ्यात जास्त झळ बसली ती ओंटारिओ प्रांतातल्या मोटार कारखान्यांना. मे २००९ मध्ये ओशावा शहरातला जनरल मोटर्सचा ट्रक कारखाना बंद झाला. ऑगस्टपर्यंत देशातली बेकारी ८.७ टक्क्यांवर गेली. तिथे भत्ता म्हणजे पगाराच्या ५५ टक्के, त्या वर्षी आठवड्याला जास्तीत जास्त ४४७ डॉलर. किती आठवडे मिळणार हे तुम्ही किती तास काम केलं आणि तुमच्या भागात बेकारी किती, यावर ठरायचं. मंदीमुळे सगळ्यांनाच पाच आठवडे वाढवून दिले होते, म्हणजे कमाल पन्नास. तरीही वीस-पंचवीस वर्षं वर्गणी भरलेल्या, कधीही भत्ता न मागितलेल्या माणसाचे आठवडे संपत आले होते आणि कारखाने उघडत नव्हते.

१६ सप्टेंबर २००९ रोजी सरकारने संसदेत एक विधेयक मांडलं. ज्याने मागच्या दहापैकी किमान सात वर्षं ठरावीक वर्गणी भरली आहे आणि मागच्या पाच वर्षांत ३५ पेक्षा जास्त आठवडे भत्ता घेतलेला नाही, तो ‘दीर्घ सेवेचा कामगार’. त्याला पाच आठवडे जास्तीचे, आणि वर्षं वाढतील तसे वीस आठवड्यांपर्यंत. सरकारचा अंदाज असा की १ लाख ९० हजार लोकांना लाभ होईल आणि ९३ कोटी ५० लाख डॉलर खर्च येईल. सरकार अल्पमतात होतं. लिबरल पक्षाने पाठिंबा काढला होता. जॅक लेटन यांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने याच विधेयकासाठी सरकार वाचवलं. ५ नोव्हेंबरला कायदा झाला.

मामूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे मला वीसच्या वीस मिळाले असते.”

मिळाले असते. पण या कायद्यावर तिथे टीकाही झाली, आणि ती मला पटते. जंगलतोडीच्या, मासेमारीच्या हंगामी कामगारांना दर हिवाळ्यात भत्ता घ्यावाच लागतो, ते ३५ आठवड्यांच्या अटीत बाद झाले. क्वेबेकच्या पक्षाने त्याच कारणाने विरोध केला. मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या बाईची सात वर्षं कशी भरणार? आणि नुकतेच त्या देशात आलेले लोक, ज्यांत आपल्या उपखंडातले कितीतरी असतात, त्यांच्याकडे मोजायला दहा वर्षंच नसतात. माझं मत विचाराल तर पन्नाशी ओलांडलेल्या, एकच काम हातात बसलेल्या माणसाला जास्त आठवडे द्यायलाच हवेत, कारण त्याला दुसरं काम शोधायला जास्त दिवस लागतात. मात्र जुन्याला वाढवून देताना नव्याला, हंगामी कामगाराला दारातूनच परत पाठवायचं, हे बरं नाही. त्या विधेयकात या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या होत्या.

आठवड्यांपेक्षाही मला तिथली एक साधी पद्धत महत्त्वाची वाटली. कॅनडात कामगाराचं काम थांबलं की मालकाला पाच दिवसांच्या आत ‘कामाची नोंद’ नावाचा कागद द्यावाच लागतो. किती तास काम, किती पगार, आणि काम थांबण्याचं कारण काय, हे त्यावर लिहावं लागतं. कामाचा तुटवडा असेल तर तुटवडा, राजीनामा असेल तर राजीनामा. त्या कागदावर पुढचं सगळं चालतं.

हा कागद आपल्याकडे का महत्त्वाचा, ते मामूंच्याच गोष्टीत पुढे कळलं.

न मिळालेलं पत्र

आपल्याकडेही लांब मुदतीचा भत्ता आहे! शाखा कार्यालयातल्या एका भल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना चालू आहे. सुरुवातीला सहा महिन्यांची होती, वाढवत वाढवत दोन वर्षांपर्यंत नेली. पहिल्या वर्षी निम्मा पगार, दुसऱ्या वर्षी पाव, आणि त्या काळात कुटुंबाला दवाखाना. मामूंचा हिशेब केला तर पहिल्या वर्षाचे ९६ हजार आणि दुसऱ्या वर्षाचे ४८ हजार, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. नव्वद दिवसांचे चोवीस हजार कुठे आणि हे कुठे.

अट एवढीच की कारखाना कायद्याप्रमाणे बंद झालेला असावा, किंवा कामगाराची कायद्याप्रमाणे छाटणी झालेली असावी, किंवा कामाबाहेरच्या इजेने त्याला कायमचं मोठं अपंगत्व आलेलं असावं. मामूंचा कारखाना बंद झाला नव्हता, निम्मा चालू होता. आणि छाटणीचं पत्र? “बोलावल्याशिवाय येऊ नका” हे फोनवर सांगितलेलं. फोनवरच्या वाक्याला कागद म्हणत नाहीत.

मालक ते पत्र का देत नाही, याचं कारण साधं आहे. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे छाटणी करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागत असे. एकोणीस वर्षांचे ढोबळमानाने १ लाख ५२ हजार. ग्रॅच्युइटी वेगळी. तिचा हिशेब मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर होतो, मामूंचे ते दोन्ही मिळून १३ हजार होते. त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की वर्षाला साडेसात हजार, एकोणीस वर्षांचे १ लाख ४२ हजार ५००. शिवाय छाटणीत शेवटी आलेला आधी जाईल, जुन्याला ठेवायचं, असाही नियम त्याच कायद्यात होता. म्हणजे आपल्या देशात जुन्या कामगाराच्या वर्षांचं वजन आहे, चांगलंच आहे. पण ते सगळं मालकाच्या खिशावर टाकलेलं आहे, आणि मंदीत मालकाचा खिसा सगळ्यात आधी शिवला जातो. वास्तवात कारखान्यात उरली ती ठेकेदाराकडची नवी, स्वस्त पोरं. जुने घरी.

सप्टेंबरात मामूंना आणि इतर चौघांना बोलावणं आलं. टेबलावर टाइप केलेला कागद आणि रोख पन्नास हजार. कागदावर लिहिलेलं होतं की मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे आणि माझं कारखान्याकडे काहीही येणं नाही. चौघांनी त्याच दिवशी सही केली. त्यांना दोष देववत नाही. सहा महिने घरात पगार नसलेल्या माणसासमोर पन्नास हजारांची गड्डी ठेवली की अक्षरं नीट दिसत नाहीत. मामूही करणार होते. त्यांनी मुमानींना फोन लावला, फक्त सांगायला. मुमानी म्हणाल्या, “सही करू नका. कागदाचा फोटो काढून आणा, पोरीला दाखवू.”

राजीनामा दिला की ती छाटणी राहत नाही आणि भरपाई जाते. ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांनंतर राजीनाम्यानेही जात नाही, पण ‘काहीही येणं नाही’ या ओळीवर सही असली की भांडण लांबतं. मामूंनी सही केली नाही. मुमानींनी एकोणीस वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या एका कापडदुकानाच्या पिशवीत, निकाहनामा आणि रेशनकार्डाच्या जोडीला ठेवल्या होत्या. त्या पिशवीनिशी आम्ही कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज केला. ग्रॅच्युइटी चौदा महिन्यांनी दोन चेकमध्ये मिळाली. भरपाईचा वाद अजून चालू आहे. पत्र नसल्यामुळे दोन वर्षांचा भत्ता मात्र हातचा गेला.

गिरणगावातल्या जुन्या घरांना ठाऊक असेल की असा भत्ता देणं या देशाला नवीन नाही. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ मध्ये केंद्र सरकारने पुनर्वसन निधी काढला होता. पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५. तिथेही हजेरीची नोंद लागत होतीच.

कोकणातल्या ज्या घरांची चूल आखाती पगारावर चालते त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२३ पासून नोकरी गमावण्याचा विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम हप्ता. सलग बारा महिने हप्ता भरल्यावर नोकरी गेली तर मूळ पगाराच्या ६० टक्के, तीन महिन्यांपर्यंत. दावा तीस दिवसांच्या आत करायचा. विमा न घेणाऱ्याला ४०० दिरहम दंड. घरकामगार यात येत नाहीत. आणि राजीनाम्याचं इथेही तेच: स्वतः सोडली तर काही नाही. तिकडे असलेल्या मुलाला, भावाला फोन कराल तेव्हा हप्ता चालू आहे ना, एवढं विचारा.

खालूंच्या डायऱ्या

आता खालू. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण कागदावर ते कुठेच नाहीत.

एक लांब शेड. बाहेरून पाहिलं तर एकच कारखाना. आत भिंत नाही, पण विजेची मीटर चार आणि नावंही चार: सेठ, त्यांची बीवी, भाऊ, मेहुणा. प्रत्येक नावावर कामगार दहाच्या आत. दहा झाले की विमा लागू होतो, म्हणून ते कधीच दहा होत नाहीत. यंत्रमागाच्या गावांत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खालू एकटे सहा माग सांभाळायचे, मजुरी मीटरवर, हिशेब पंधरा दिवसांनी. तार तुटून माग थांबला तर ती मिनिटं त्यांची. वीज गेली तर तेही त्यांचेच तास.

लॉकडाऊनमध्ये मोहल्ल्यातल्या पोरांनी घरोघर पोचवलेल्या किराण्याच्या पिशव्या, खालांनी शिवलेले मास्क, आणि मामूंच्या चोवीस हजारांतले गुपचूप दिलेले तीन हजार, यावर घर चाललं. मामूंना वाटतं हे मला माहीत नाही. खेड्यात असते तर निदान रोजगार हमीचं काम मागता आलं असतं. महाराष्ट्राने ती हमी १९७७ साली कायद्यात लिहिली, पण ती ग्रामीण भागासाठी. शहरातल्या विणकराला तिचा उपयोग नाही.

ऑक्टोबरात माग चालू झाले. सेठनी खालूंना बोलावलं, मीटरमागे दर कमी केला, आणि मेहत्याने वही उघडून सांगितलं की जुनी तीस हजारांची उचल बाकी आहे, ती दर हिशेबाला कापली जाईल. सत्तावीस वर्षं काम केलेल्या माणसाला मंदीत भत्ता मिळाला नाही, उलट तोच देणेकरी निघाला.

त्यांनी आता ई-श्रम कार्ड काढलं आहे. असंघटित कामगारांची ही नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. बारा अंकी क्रमांक मिळतो आणि अपघात विम्याचं दोन लाखांचं संरक्षण जाहीर झालं होतं. वय सोळा ते एकोणसाठ. काढावं सगळ्यांनी. सरकारी यादीत नाव आलं, इतकं तरी होतं. पण त्या कार्डावर काम कधीपासून करता, कोणाकडे करता, हे मालकाच्या सहीने लिहिलेलं नाही. काम थांबलं तर त्यावर आठवडे मोजता येत नाहीत.

एक उपाय कायद्यात आहे. शेड खरोखर एकच असेल आणि माणसं दहाच्या वर असतील, तर विमा महामंडळाकडे तक्रार करता येते. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडू नये, आधी लाभ द्यावा आणि मग मालकाकडून वसूल करावं, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यातच होती. त्यासाठी दाखवावं लागतं की हा माणूस इथे काम करत होता.

मी हे सांगितलं तेव्हा खालू उठले आणि पलंगाखालून एक पत्र्याचा डबा ओढून आणला. आत खिशातल्या छोट्या डायऱ्या होत्या, दरवर्षीची एक. औषधाच्या दुकानांनी वाटलेल्या, सुताच्या व्यापाऱ्यांनी वाटलेल्या. पंधरा दिवसांनी मेहत्याशी हिशेब जुळवायला ते रोजचे मीटर त्यांत लिहून ठेवत. तारीख, मागाचा नंबर, मीटर. वीज नसलेल्या दिवशी फुली. तीन डायऱ्या २००५ च्या पुरात भिजल्या आहेत, बाकी नीट वाचता येतात. प्रत्येक हिशेबाच्या पानावर खाली मेहत्याची छोटी सही आहे.

खालूंनी अजून तक्रार केलेली नाही. तक्रार केली तर त्या शेडमध्ये उद्या माग मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे, आणि धाकट्याची दहावी आहे. मामू सध्या एका गोदामावर रात्रीचे वॉचमन आहेत. सुट्टीच्या दिवशी ते खाली येऊन बसतात, आणि मी त्या डायऱ्यांतलं एकेक पान मोबाइलवर फोटो काढून ठेवते आहे. १९९८ पर्यंत आलो आहोत.